शिरेतील नळी आणि तिची राखण

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला भेटण्यासाठी नातेवाईक आले की त्यांची दृष्टी प्रथम जाते ती खाटेशेजारच्या खांबाला टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे. बाटलीतून थेंब पडत आहेत म्हणजे उपचार चालू आहेत, अशी त्यांची खात्री पटते. ती पुष्कळ अंशी योग्यही आहे. ज्याला तोंडाने काही घेता येत नाही त्याला पाणी, क्षार व औषधे देणे, रक्तस्राव झालेल्याला रक्त देणे, ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्यांचे रक्त यंत्रातून शुद्ध करून परत शरीरात सोडणे, ही सर्व कामे रक्तवाहिनीत बसविलेल्या नळीवाचून होत नाहीत. मात्र ही नळी जेथे कातडीतून आत शिरते, त्या बोटभर जागेकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नेमक्या त्याच जागेची निगा राखली गेली नाही, तर जी नळी प्राण वाचविण्यासाठी बसविली तीच रक्तात जंतू पोचविण्याची वाट होऊन बसते. मूळ दुखण्यातून सावरत असलेला रुग्ण मग या नव्या संसर्गाने दगावू शकतो.

त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. तिच्यावर असंख्य जंतू सदैव वस्ती करून असतात आणि बाहेर आहेत तोवर ते निरुपद्रवी असतात. शिरेतील नळी म्हणजे या तटबंदीत आपण होऊन उघडलेली दिंडी होय. अशा नळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. हाताच्या किंवा मनगटाच्या शिरेत बसविली जाणारी आखूड नळी, जिला परिचारिका ‘कॅन्युला’ म्हणतात, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी लांब नळी मानेतून, हासळीच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घालून हृदयाजवळच्या महानीलेपर्यंत नेली जाते. जांघेतून घातलेली नळी पोटातील मोठ्या शिरेत पोचते. हिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. अतिदक्षता विभागातील रुग्ण, कर्करोगावरील औषधे घेणारे, तातडीने डायलिसिस करावे लागणारे आणि अपुऱ्या दिवसांची बालके यांना तिची गरज विशेष पडते. ती अनेक दिवस ठेवावी लागते आणि दिवसातून अनेकदा उघडावी लागते, म्हणून तिच्यापासूनचा धोकाही मोठा असतो.

जंतू आत कसे शिरतात

नळी बसविल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जंतू बहुधा कातडीवरून येतात. नळीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून ते छिद्रातून आत सरकतात. नळी अधिक दिवस राहिली की दुसरी वाट महत्त्वाची ठरते. औषध टोचण्यासाठी किंवा बाटली बदलण्यासाठी नळीचे बाहेरचे तोंड पुन्हा पुन्हा उघडले जाते, आणि ज्या हातांनी ते उघडले त्या हातांवरील जंतू आतल्या पोकळीतून थेट रक्तात जातात. तिसरी वाट द्रवाची. बाटलीतील द्रव कारखान्यातून निर्जंतुक होऊन येतो. परंतु बाटलीत हवा जावी म्हणून तिच्या बुडाशी सुई खुपसून ठेवण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे, तिने ही निर्जंतुकता तेथल्या तेथे संपुष्टात येते. हवा न घेता आपोआप आकसत जाणाऱ्या बंद पिशव्या यासाठीच अधिक सुरक्षित मानल्या जातात.

एकदा आत शिरलेले जंतू सुटे राहत नाहीत, हे या संसर्गाचे आणखी एक वैशिष्ट्य. पाण्याच्या जुन्या टाकीच्या आतल्या बाजूस बोट फिरविले असता जो बुळबुळीत थर हाताला लागतो, तशाच प्रकारचा पापुद्रा जंतू नळीच्या पृष्ठभागावर तयार करतात. या पापुद्र्याच्या आड बसलेल्या जंतूंवर प्रतिजैविक औषधांचा परिणाम फारच थोडा होतो. औषध चालू असताना ताप उतरतो, थांबविताच पुन्हा येतो. त्यामुळे बहुतेक वेळा नळी काढून टाकल्याखेरीज रोग हटत नाही, आणि ज्या रुग्णाचे जीवन त्या नळीवरच अवलंबून असते त्याच्या बाबतीत वैद्यांपुढे कठीण प्रसंग उभा राहतो.

थंडी वाजून ताप येणे, विशेषतः नळीतून द्रव सोडल्यानंतर थोड्याच वेळात हुडहुडी भरणे, हे या संसर्गाचे ठळक चिन्ह आहे. हातावरील नळीच्या बाबतीत जागा लाल होते, दुखते, सुजते. मोठ्या नळीच्या बाबतीत मात्र वरून कातडी स्वच्छ दिसत असताही आत संसर्ग झालेला असू शकतो. तान्ह्या मुलांत तापाऐवजी अंग गार पडणे, दूध न ओढणे, मलूल होणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच उपाय झाला नाही तर रक्तदाब खालावतो, लघवी कमी होते आणि एकामागून एक अवयव निकामी होऊ लागतात.

संसर्ग अटळ मानला जाई तेव्हा

हृदयापर्यंत नळी नेण्याचे धाडस प्रथम १९२९ साली जर्मनीत झाले. बर्लिननजीक एबर्सवाल्ड येथील रुग्णालयातील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्या वेळी त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीकाच अधिक आली. नोबेल पारितोषिकाचा मान इतर दोघांसह मिळाला तो १९५६ मध्ये. दरम्यान १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी बारीक तारेच्या आधाराने नळी सरकविण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे एके काळचे धाडस जगभरच्या रुग्णालयांतील नित्याचे काम झाले.

नळ्या वाढल्या तसे संसर्गही वाढले. इतक्या आजारी माणसांना इतक्या नळ्या लावल्यावर थोडेफार असे व्हायचेच, अशी समजूत वैद्यकीय वर्तुळात दीर्घकाळ होती. ती खोटी ठरविणारे काम अमेरिकेत झाले, आणि ते कोणत्याही नव्या औषधाने झाले नाही.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट हे अतिदक्षता विभागाचे तज्ज्ञ होते. मोठी नळी बसविताना घ्यावयाची दक्षता त्यांनी २००१ साली एका कागदावर उतरविली. हात धुणे, रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसणे, रुग्णाच्या सर्व अंगावर निर्जंतुक चादर पसरणे, डॉक्टराने निर्जंतुक अंगरखा, टोपी, मुखपट्टी व हातमोजे घालणे, आणि नळी बसल्यावर त्या जागेवर निर्जंतुक पट्टी लावणे. यांत नवे असे काहीच नव्हते. प्रत्येक डॉक्टराला हे विद्यार्थिदशेतच शिकविलेले असते. प्रोनोव्होस्ट यांनी परिचारिकांना महिनाभर फक्त निरीक्षण करण्यास सांगितले. एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत यांपैकी निदान एक तरी गोष्ट राहून गेली होती, असे आढळले.

त्यानंतर जे पाऊल उचलले गेले ते विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. एखादी पायरी गळली तर डॉक्टराला तेथेच थांबविण्याचा अधिकार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने परिचारिकांना दिला. मानमर्यादांची उतरंड जेथे पक्की असते अशा कोणत्याही संस्थेत ही गोष्ट कागद छापण्याहून कितीतरी अवघड असते. नळी बसविल्यापासून दहा दिवसांत संसर्ग होण्याचे प्रमाण तेथे ११ टक्के होते. वर्षभरात ते शून्यावर आले.

मिशिगनचा अनुभव

एका नामांकित रुग्णालयात जे जमले ते सामान्य रुग्णालयांत जमेल काय, ही शंका साहजिक होती. तिचे उत्तर मिशिगन राज्यात मिळाले. तेथील शंभरावर अतिदक्षता विभागांनी २००४ व २००५ मध्ये हीच रीत अवलंबिली. पाच गोष्टींवर भर देण्यात आला. हातांची स्वच्छता, संपूर्ण निर्जंतुक आवरण आणि क्लोरहेक्सिडिन या तीन पूर्वीच्याच. चौथी, शक्यतो जांघेतून नळी न घालणे, कारण मलमूत्राच्या सान्निध्यामुळे तेथील त्वचेवर जंतूंची दाटी अधिक असते. पाचवी, गरज संपताच नळी काढून टाकणे. शेवटची गोष्ट दिसावयास सर्वांत साधी, पण तीच सर्वाधिक विसरली जाते. नळी घालण्याचा निर्णय कोणीतरी घेतो. ती काढण्याचा निर्णय घेण्याचे काम मात्र सर्वांचे, म्हणून कोणाचेच नसते.

अशा संसर्गाची मोजणी ‘नळी-दिवसां’वर करतात. एका रुग्णाला एक दिवस नळी असली की तो एक नळी-दिवस झाला. शंभर रुग्णांना प्रत्येकी दहा दिवस नळी असेल तर हजार नळी-दिवस होतात. मिशिगनमध्ये आरंभी दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ रुग्णांना रक्तातील संसर्ग होत असे. दीड वर्षाच्या सुमारास ही सरासरी १.४ वर आली. तीन महिन्यांतच निम्म्या किंवा त्याहून अधिक विभागांत असा एकही रुग्ण उरला नव्हता. हे निष्कर्ष डिसेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि हा सुधार पुढेही टिकून राहिल्याचे २०१० मधील पाहणीत दिसून आले.

या कामात अधिकाऱ्यांचा वाटा केवळ परवानगीपुरता नव्हता. प्रत्येक रुग्णालयाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर विभागाला नियमित भेट देऊन अडचणी ऐकून घेण्याची जबाबदारी सोपविण्यात आली होती. क्लोरहेक्सिडिन हे ज्या योजनेचे प्रमुख साधन, तेच एक तृतीयांशापेक्षा कमी विभागांत उपलब्ध होते, असे अशा भेटींतून उघड झाले. खरेदीचा निर्णय अधिकाऱ्यांच्याच हाती असल्याने ही उणीव काही आठवड्यांत दूर झाली. चादर एका कपाटात, हातमोजे दुसऱ्या मजल्यावर आणि जंतुनाशक भांडारात कुलूपबंद असेल, तर घाईच्या वेळी काहीतरी वगळले जाणारच. म्हणून सर्व साहित्य एकाच फिरत्या गाडीवर तयार ठेवण्याची पद्धत तेथे पाडण्यात आली.

इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात याच धर्तीवर योजना राबविली गेली. तेथेही प्रौढांच्या विभागांतील प्रमाण ३.७ वरून १.४८ वर उतरले. परंतु जे विभाग योजनेत उशिरा सामील झाले त्यांच्यातील प्रमाण सामील होण्यापूर्वीच घटू लागलेले होते, तेव्हा सर्व श्रेय योजनेचे म्हणता येईना. याचा अर्थ इतकाच की यादीचा कागद भिंतीवर लावल्याने संसर्ग कमी होत नाही. जेथे माणसांनी ती आपली मानली आणि मोजणी प्रामाणिकपणे केली तेथे तो कमी झाला. दक्षता सैल पडली की काय होते हेही पुढे दिसले. कोविडच्या साथीत, २०२० च्या अखेरच्या तिमाहीत, अमेरिकेतील रुग्णालयांत अशा संसर्गाचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या जवळजवळ दीडपट झाले. रुग्ण अफाट वाढले होते, परिचारिका अपुऱ्या होत्या आणि नेहमीची दक्षता पाळणे कठीण झाले होते.

आपल्या देशातील स्थिती

भारतातील सात शहरांच्या रुग्णालयांतील अतिदक्षता विभागांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर हजार नळी-दिवसांमागे हे प्रमाण ७.९२ आढळले. म्हणजे मिशिगनमधील प्रयत्नांपूर्वी तेथे जी स्थिती होती, साधारण तीच. पुढे नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने देशात या संसर्गांवर देखरेख ठेवणारे रुग्णालयांचे जाळे उभे राहिले. त्यातील २६ रुग्णालयांच्या ८९ विभागांतून मे २०१७ पासून दीड वर्ष जमविलेली माहिती २०२२ मध्ये प्रकाशित झाली. रक्तातील संसर्गांत क्लेब्सिएला या जंतूचे प्रमाण सर्वाधिक होते आणि नवजात बालकांच्या विभागांत धोका सर्वांत मोठा होता.

पाश्चात्त्य देशांत अशा संसर्गांत त्वचेवरील जंतूंचा भरणा असतो. आपल्याकडे क्लेब्सिएलासारख्या आतड्यात व ओलसर जागी वाढणाऱ्या जंतूंचा. या फरकाचा बोध स्पष्ट आहे. ते जंतू हातांवरून, हात धुण्याच्या कुंडीवरून, ओल्या फडक्यावरून, एकदा उघडून अनेकांसाठी वापरलेल्या औषधाच्या कुपीतून प्रवास करतात. शिवाय प्रभावी प्रतिजैविकांनाही त्यांतील पुष्कळ जंतू दाद देत नाहीत, त्यामुळे झालेला संसर्ग बरा करण्यापेक्षा तो होऊ न देणे हाच भरवशाचा मार्ग उरतो. नळी लावली आहे म्हणून खबरदारीखातर प्रतिजैविके देत राहण्याने काहीच साधत नाही. उलट असे निर्ढावलेले जंतू मात्र पोसले जातात.

हातांच्या स्वच्छतेबद्दल नवे सांगण्यासारखे काय आहे, असे एखाद्यास वाटेल. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये शंभर बाळंतिणींपैकी अठरा मरण पावत होत्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी विद्यार्थ्यांना व डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावल्यावर १८४८ सालात हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तरीही त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांचे म्हणणे दीर्घकाळ मानले नाही. हातमोजे घातले की हात धुण्याची आवश्यकता नाही, हा आजचा गैरसमज त्याच जातीचा आहे. मोजे चढविण्यापूर्वी आणि उतरविल्यानंतरही हात स्वच्छ करावे लागतात.

नळी बसविल्यानंतरची निगा मुख्यतः परिचारिकांच्या हाती असते. नळीचे तोंड उघडण्यापूर्वी ते जंतुनाशकाने निदान पंधरा सेकंद घासून वाळू द्यावे. नुसता बोळा टेकविणे पुरेसे नाही. पारदर्शक पट्टी सात दिवसांनी व कापडी पट्टी दोन दिवसांनी बदलावी, आणि भिजली, मळली किंवा सुटली तर तत्काळ. आणीबाणीच्या प्रसंगी पूर्ण दक्षता न घेता घातलेली नळी शक्य तितक्या लवकर, दोन दिवसांच्या आत, बदलावी. आणि रोजच्या फेरीत एक प्रश्न ठरवून विचारावा: या रुग्णाला ही नळी आज हवी आहे काय? हातावरील लहान नळीबाबतही हाच नियम आहे. ती किरकोळ मानली जाते, पण तिचा वापर इतका सर्रास आहे की तिच्यामुळे बाधित होणाऱ्यांची संख्या एकूण मोठी होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात या लहान नळ्यांना मुद्दाम स्थान दिले.

जी नळी घातलीच नाही तिच्यापासून संसर्ग होत नाही, आणि या बाबतीत ग्रामस्थांची भूमिका डॉक्टरांच्या भूमिकेइतकीच महत्त्वाची आहे. थकवा आला, ताप आला की ‘एक सलाईन लावा’ असा आग्रह खेड्यापाड्यांत धरला जातो, आणि तो पुरविणारेही भेटतात. सलाईनच्या बाटलीत प्रामुख्याने मीठ व पाणी किंवा साखर व पाणी असते. शक्तीचे औषध तिच्यात नसते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचा द्रव अपुरा पडू लागला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ते तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. छावणीतील मृत्यूचे प्रमाण त्यापूर्वी तीस टक्क्यांच्या घरात होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले. ज्याला पिता येते व जो शुद्धीवर आहे त्याच्या जुलाबांवर हे पाणी बहुधा पुरेसे असते. ते आरोग्य उपकेंद्रात पुड्यांच्या रूपाने मिळते, आणि शिक्षकांनी शाळेत मुलांकडून एकदा करवून घेतले तर घरोघरी पोचते. जुलाब होऊन रुग्ण बेशुद्ध किंवा अत्यंत मलूल झाला असेल, प्यालेले सारे उलटून पडत असेल किंवा लघवी थांबली असेल, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे सलाईन हाच योग्य उपचार आहे.

रुग्णाजवळ बसणाऱ्या नातेवाइकांनी नळीला हात लावू नये, बाटली संपत आली तर स्वतः चिमटा फिरवू नये, पट्टी सुटलेली किंवा जागा लाल दिसल्यास परिचारिकेला सांगावे. नळीला हात लावण्यापूर्वी हात धुतले काय, असे नम्रपणे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही. रुग्णालयांच्या प्रमुखांनीही अशा विचारणेचे स्वागत होईल असे कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

मानेत नळी ठेवून घरी परतणारे डायलिसिसचे रुग्ण हा एक वेगळा वर्ग आहे. जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची सोय करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून सुरू झाल्यावर असे रुग्ण आता गावोगावी आढळतात. त्यांनी पट्टी कोरडी राखावी, डोक्यावरून पाणी घेऊन स्नान करू नये, नदीत किंवा तळ्यात उतरू नये. डायलिसिस केंद्राखेरीज इतरत्र त्या नळीतून औषध टोचून घेऊ नये किंवा रक्त काढू देऊ नये. डायलिसिस दीर्घकाळ करावे लागणार असेल तर हातातील धमनी व शीर जोडण्याची लहान शस्त्रक्रिया, जिला ‘फिस्टुला’ म्हणतात, ती लवकर करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ही जोडणी वापरण्याजोगी होण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. परंतु तिच्यात संसर्गाचा धोका मानेतील नळीच्या मानाने पुष्कळच कमी असतो. ज्या हातावर ही शस्त्रक्रिया व्हावयाची त्या हाताच्या शिरेत आधीपासून सुई टोचू देऊ नये. आणि डायलिसिसनंतर घरी आल्यावर थंडी वाजून ताप भरला, तर तापाची गोळी घेऊन पुढच्या पाळीची वाट पाहत बसू नये. रात्र असली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि मानेत नळी आहे हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे.